पाच पॉइंट साठलेत, आता थांबू की जाऊ?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : हे वाचक मूळचे सातारा जिल्ह्यातले. चाळिशीला टेकलेत, गेली नऊ वर्षं कोलोरॅडोत डेन्व्हरच्या उत्तरेला राहतात, ग्रीन कार्ड झालेलं आहे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर दोनदा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला ‘सामान वाहायला’ म्हणून गेले आणि गोडी लागली. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, रायफल घेतली. मग त्याच सहकाऱ्याच्या सांगण्यावरून दरवर्षी म्यूल डिअर या हरणाच्या सोडतीत टॅग (एका जनावराच्या शिकारीचा परवाना) न मागता फक्त प्रेफरन्स पॉइंट (पुढच्या सोडतीत अग्रक्रम देणारा गुण) मागत राहिले. आता पाच पॉइंट आहेत, टॅग एकदाही घेतलेला नाही. सहकारी म्हणतो, गनिसन खोऱ्यातल्या चौथ्या सीझनसाठी (रायफलच्या शिकारीचे हंगाम चार, त्यातला शेवटचा) थांब, करायची तर मोठ्या नराचीच शिकार कर. बायको म्हणते, पाच वर्षं नुसते पैसे भरतोयस, चाललंय काय? न्यू जर्सीतल्या मेव्हण्याला एकत्र अर्ज करायचाय. त्यात यंदा ऑक्टोबरात माळकरी आई सहा महिन्यांसाठी येतेय. ‘पॉइंट आता वापरले तर वाया जातील का? आणि नाही वापरले तर किती थांबायचं?’

उत्तर :

आधी एक विचारते. तुमच्या पत्रात गनिसनचं नाव चार वेळा आलंय. पण तुम्ही तिथे कधी गेलात, एखाद्या रविवारी सहज गाडी काढून तो भाग बघून आलात, असं एकदाही आलेलं नाही. पाच वर्षं ज्या डोंगरासाठी थांबलात तो डोंगर तुम्ही पाहिलेला नाही. माझं उत्तर खरं तर इथेच सुरू होतं.

पण आधी पॉइंटांचं बोलू, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. कोलोरॅडोत १९९९ पासून हरणाचा एकेक टॅग मोजून, सोडतीतूनच दिला जातो. त्याआधी बऱ्याच ठिकाणी दुकानात जाऊन लायसन्स विकत घेता यायचं. हरणं कमी व्हायला लागली तेव्हा ते बंद केलं. आपल्याला सोडत म्हटली की म्हाडा आठवते, चिठ्ठी निघाली तर निघाली. न्यू मेक्सिकोत हरणांचं अगदी तसंच आहे, तिथे पॉइंट नाहीतच, दरवर्षी पाटी कोरी. कोलोरॅडोची मात्र नावाला सोडत आणि कामाला रांग. ज्याचे पॉइंट जास्त तो पुढे. चिठ्ठ्या पडतात त्या शेवटच्या उरलेल्या टॅगांसाठी, सारखे पॉइंट असलेल्यांमध्ये.

तुम्ही या पॉइंटांकडे बँकेतल्या ठेवीसारखं बघताय. ठेवीवर निदान व्याज मिळतं. इथे दरवर्षी तुम्ही एक पाऊल पुढे सरकता आणि तुमच्या पुढचे सगळेही एक पाऊल पुढे सरकतात. समजा एखाद्या युनिटात, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या एका विभागात, तुमच्या सीझनचे ३० टॅग आहेत आणि तुमच्या पुढे ४५० माणसं आहेत. म्हणजे १५ वर्षं. मध्येच एखादा हिवाळा वाईट गेला, बर्फाखाली हरणं मेली आणि टॅग ३० चे २० केले, की तीच १५ वर्षं २२ च्या वर जातात. हे काल्पनिक भय नाही. तुमच्या लाडक्या गनिसन खोऱ्यात २००७-०८ च्या हिवाळ्यात इतका बर्फ पडला की सरकारी खात्याला हरणांना खाद्य नेऊन घालावं लागलं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात राज्याच्या वायव्य कोपऱ्यात हरणं मेली आणि तिथले टॅग कापले गेले. त्यातही काही जण मधूनच दुसऱ्या युनिटातून उडी मारून तुमच्या रांगेत येतात. इथले लोक याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. सहकाऱ्याने तुम्हाला ‘बारा पॉइंट पुरतात’ म्हणून सांगितलंय, ते बहुधा त्याच्या वेळचं गणित आहे. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर दरवर्षीचा निकालाचा तक्ता असतो. कोणत्या हंट कोडला (युनिट, सीझन, नर-मादी मिळून होतो तो अर्जातला कोड) किती अर्ज आले, किती पॉइंटवाल्यांना मिळालं, सगळं त्यात असतं. तो मागच्या चार-पाच वर्षांचा काढा, तुम्हाला हव्या त्या ओळीवर बोट ठेवा आणि आकडा दरवर्षी किती चढतोय ते स्वतः बघा. मला विचारू नका, सहकाऱ्यालाही विचारू नका.

आता तुम्हाला कोणीच कसं सांगितलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं, ती गोष्ट. कोलोरॅडोच्या अर्जात चार पसंती भरता येतात. पॉइंट जातात ते फक्त पहिल्या पसंतीचा टॅग लागला तर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पसंतीला काही मिळालं तर पॉइंटांना धक्का लागत नाही. तुम्ही पहिल्या पसंतीला पॉइंटचा कोड (डी-पी-९९९-९९-पी) टाकता आणि खालच्या तीन ओळी कोऱ्या सोडता. पाच वर्षं सोडल्यात! दुसऱ्या ओळीत कमी मागणीचं एखादं युनिट किंवा मादीचा टॅग टाकला असता तर कदाचित पॉइंटही वाढले असते आणि फ्रीझरही भरला असता. जूनमध्ये दुय्यम सोडतीसाठी अर्ज घेतात, तिथेही पॉइंट खर्च होत नाहीत. त्यातूनही उरलेले टॅग ऑगस्टमध्ये विक्रीला येतात, पहिला येईल त्याला. तेव्हा ‘थांबू की जाऊ’ हा प्रश्नच थोडा चुकलाय. निदान इथे तरी दोन्ही एकाच अर्जात बसतं.

अर्थात दुसऱ्या पसंतीला सोनं मिळत नाही. मिळतात ते मादीचे टॅग, खासगी जमिनीचे टॅग, नाहीतर ज्या युनिटात हरणं विरळ आहेत तिथले. कोडमधलं प्रत्येक अक्षर नीट वाचा. खासगी जमिनीचा टॅग सरकारी जंगलात चालत नाही, आणि कोणी ओळखीचा रँचवाला नसेल तर तो टॅग म्हणजे कुलूप नसलेली किल्ली. कोलोरॅडोत कुंपण नसलं, पाटी नसली तरी खासगी जमिनीत परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. जमिनीच्या हद्दी दाखवणारं ऑनएक्ससारखं ॲप फोनमध्ये असू दे, आणि नकाशा घरीच उतरवून घ्या, डोंगरात रेंज नसते.

आता दुसरं गृहीतक, मोठ्या नराचं. ते तुमचं आहे का सहकाऱ्याचं? तो बारा वर्षांचा असल्यापासून वडिलांबरोबर जातोय असं तुम्हीच लिहिलंय. त्याच्या फ्रीझरमध्ये वीस-पंचवीस हरणं होऊन गेली असतील, आता त्याला भिंतीवर शिंगं हवीत, ठीक आहे. चौथ्या सीझनला इतकी मागणी का असते? नोव्हेंबरच्या मध्यापासून माजाचा काळ सुरू होतो, एरवी अंधारात वावरणारे थोराड नर माद्यांच्या मागे दिवसाढवळ्या उघड्यावर येतात. पण तो सीझन जेमतेम पाच दिवसांचा. थंडी शून्याच्या बरीच खाली. ज्याने आजवर एकही हरीण स्वतः शोधलेलं नाही, त्याने बारा-पंधरा वर्षांची शिदोरी त्या पाच दिवसांत सोडायची?

माझं सांगते. माझा पहिला टॅग मादीचा होता, तिसऱ्या सीझनचा, क्रेमलिंगच्या बाजूला. सांगलीकडची मुलगी मी, उसाच्या फडातला कोल्हा सोडला तर जंगली जनावर लांबूनच पाहिलेलं. उजाडायच्या आधी सेजब्रशच्या एका टेकाडावर जाऊन बसले. समोरचा उतार दुर्बिणीतून तब्बल चाळीस मिनिटं बघितला आणि रिकामा म्हणून सोडून दिला. उठणार इतक्यात एका झुडपातला कान हलला. बस, नुसता कान. खेचरासारखे लांब कान म्हणून तर याचं नाव म्यूल डिअर. त्या कानाखाली डोकं दिसलं, मग शेजारी दुसरं, आणि पाच मिनिटांत त्याच उतारावर सात हरणं मोजली. ती तिथेच होती. मला दिसत नव्हती.

मग मी घाई केली. ओढा ओलांडताना पायाखालचा दगड सुटला आणि सगळी उधळली. पळतात कशी ते बघण्यासारखं असतं. चारही पाय एकदम उचलून, स्प्रिंग बसवल्यासारखी टणाटण उड्या मारत. कड्यावर पोचल्यावर थांबून मागे वळून बघतात, ही त्यांची जुनी खोड. शिकारी तिथेच नेम धरतात. मीही धरला. पण साडेसात हजार फुटांवर चढण चढून माझा भाता असा चालला होता की रायफलवरच्या दुर्बिणीतली फुली हरणाच्या खांद्यावरून आभाळात आणि आभाळातून परत गवतात. गोळी झाडली नाही. त्या वर्षी मी केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच.

तिसऱ्या दिवशी एक मादी मिळाली. त्यानंतरचं कोणी सांगत नाही. मी आणि मैत्रीण, दोघींनी मिळून ते जनावर सोडवायला तीन तास घेतले. सुरी बोथट झाली, बोटं बधिर झाली, आणि गाडीपर्यंतच्या दीड मैलाच्या दोन खेपा झाल्या. मांस लगेच थंड करावं लागतं, कातडी वेळेत काढावी लागते, मांसाच्या एका तुकड्याला नर-मादीची खूण नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवावी लागते, नाहीतर वाटेत वॉर्डनने थांबवलं तर दंड. पुस्तकात हे सगळं होतं, हाताला येत नव्हतं. तुम्ही दोनदा सामान वाहिलंय म्हणजे माझ्यापेक्षा पुढे आहात. पण वाहणं वेगळं आणि ‘आता कुठे बसायचं’ हे स्वतः ठरवणं वेगळं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. यंदा जा. पहिल्या पसंतीचा निर्णय तक्ता बघून घ्या. गनिसनचा आकडा तुमच्यापासून दरवर्षी लांब पळत असेल तर पाच पॉइंट त्याच्यामागे बांधून ठेवण्यात अर्थ नाही. दोन-तीन पॉइंटांत मिळणारं, घरापासून तीन-चार तासांवरचं, भरपूर सरकारी जमीन असलेलं एखादं युनिट दुसऱ्या किंवा तिसऱ्या सीझनसाठी पहिल्या पसंतीला टाका. त्यात सगळे पाच जातील, सुटे परत मिळत नाहीत. जाऊ देत. आणि आकडा फारसा पळत नसेल, मनातून गनिसन सुटतच नसेल, तर पहिल्या ओळीत पॉइंटचा कोड राहू द्या, खाली मादीचे टॅग भरा आणि दरवर्षी जाऊन हात तयार करा. मी तुमच्या जागी असते तर पहिला मार्ग धरला असता. तुमचा स्वभाव पत्रावरून साठवणाऱ्याचा वाटतो, त्यामुळे तुम्ही दुसरा धराल, तोही चालेल. फक्त कोऱ्या ओळी नकोत.

दुसरा आणि तिसरा सीझन यांत फरक आहे. ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या सीझनमध्ये हवा बरी असते, पण हरणं वरच्या जंगलात आणि ओकच्या झुडपांत पांगलेली. नोव्हेंबरातल्या तिसऱ्यात बर्फ पडला तर ती खाली उतरायला लागतात, शोधणं सोपं, गाडी चालवणं अवघड. आणि एक इथल्या कुठल्याच माहितीपत्रकात नसतं : तारखा ठरवताना शेजारी कालनिर्णय ठेवा. दिवाळी नेमकी याच दोन सीझनच्या आसपास घुटमळते. आई आलेली असताना लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुम्ही डोंगरात, हे मी तरी सुचवणार नाही.

तुम्ही दरवर्षी सोडतीत शिरण्यासाठी पात्रतेचं लायसन्स घेता, बहुतेक स्मॉल गेमचं. ते पाकिटातच पडून असणार. त्यावर सप्टेंबरात ग्राउसच्या (रानकोंबडीसारखा पक्षी) मागे फिरा. ग्राउस मिळो न मिळो, तेच डोंगर पायाखालून जातात. जुलै-ऑगस्टचे दोन-तीन शनिवार-रविवार तुमच्या युनिटात तंबू टाका, सकाळ-संध्याकाळ दुर्बिणीला डोळा लावून बसा. महागडी रायफल नको, दुर्बीण चांगली घ्या. नेमाचा सराव टेबलावर रायफल टेकवून करू नका. बसून, काठीच्या टेकूवर, थोडं धावून दम लागल्यावर करा. दहातल्या दहा गोळ्या जेवढ्या अंतरावरून ताटलीएवढ्या वर्तुळात बसतात तेवढीच तुमची हद्द. ती दीडशे यार्ड निघाली तर दीडशे. केशरी किंवा गुलाबी चकाकणारा कपडा ५०० चौरस इंच आणि डोक्यावर तसलीच टोपी, हे कायद्याने आहेच. मान-डोक्याचा नमुना सीडब्ल्यूडी (हरणांचा मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग) या रोगाच्या तपासणीला द्या, तुमच्या टॅगला सक्ती नसली तरी. हा रोग पहिल्यांदा लक्षात आला तो १९६७ मध्ये, कोलोरॅडोतच, बंदिस्त ठेवलेल्या म्यूल डिअरमध्ये. माणसाला झाल्याचं एकही उदाहरण नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नका असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. निकाल येईपर्यंत पुड्यांवर नाव-तारीख घालून ठेवून द्यायचं.

मेव्हण्याचं. एकत्र अर्ज केलात तर कोलोरॅडोत गटातल्या सगळ्यात कमी पॉइंटवाल्याचे पॉइंट धरतात. त्यांचे शून्य, म्हणजे तुमचेही शून्य. वर ते बाहेरच्या राज्यातले, त्यांचा कोटा लहान आणि फी कितीतरी पट. (नेवाडा, युटा, ॲरिझोनात गटाची सरासरी काढतात, तिथलं गणित वेगळं. नेवाडात तर पॉइंटांचा वर्ग करून तेवढ्या चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे पाचवाल्याच्या पंचवीस आणि वर त्या वर्षीची एक. तरीही शून्यवाल्याचं नशीब कधीकधी फळतं.) तेव्हा अर्ज वेगळा.

असाच प्रश्न एच-१बीवरच्या दोघा-तिघांनी विचारला होता, म्हणून इथेच सांगते. तुम्हाला हे लागू नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. अपवाद ज्यांच्याकडे इथलं वैध शिकारीचं लायसन्स आहे त्यांचा. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदूक, आणि लायसन्सची मुदत संपू द्यायची नाही. मित्राची रायफल ‘जरा धरून बघतो’ हेसुद्धा त्यात येऊ शकतं. धनुष्यबाणाला हा कायदा लागत नाही. तरीही व्हिसाचा मामला आहे, एकदा वकिलाला विचारा.

राहता राहिलं घर. बायकोला तुम्ही बहुधा सांगितलंत की लायसन्सच्या पैशांतूनच इथली जंगलं राखली जातात, बंदुका-काडतुसांवरचा करही १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठीच जातो वगैरे. खरं आहे ते. पण तिने ते विचारलेलं नाही. ती विचारतेय की पाच वर्षं हा माणूस कशाची वाट बघतोय. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा शब्द फक्त गुन्ह्याच्या बातमीत उरलाय. त्यामुळे तिला हे विचित्र वाटणं साहजिक आहे, आणि ते आकड्यांनी जाणार नाही. तिला ऑगस्टमध्ये तंबूत घेऊन जा. पहाटे दुर्बीण तिच्या हातात द्या. नाही आवडलं तर नाही आवडलं.

आईपासून लपवू नका. माळकरी माणसाला न सांगता त्याच फ्रीजमध्ये मांस ठेवणं बरोबर नाही, आणि त्या फ्रीज उघडतातच. गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर घ्या, कुकर-सुरी वेगळी ठेवा, आणि त्या यायच्या आधी फोनवर सांगा. सातारा जिल्ह्यातल्या बाईला शेजारच्या घरात मटण शिजतं हे नवीन नसतं. रागावल्या तर दोन दिवस रागावतील. त्या इथे असताना घरात शिजवायचं नाही, एवढं तुम्ही पाळा.

नंतर कधी शिजवाल तेव्हा दोन गोष्टी : हरणाची चरबी सगळी काढून टाका, ती गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. आणि मांस अगदी कोरडं असतं, म्हणून मटणाइतक्या तेलात सुक्कं करायला गेलात तर चामडं होईल. नळ्या आणि खांदा कुकरला सहा शिट्ट्या, पातळ तांबडा रस्सा.

अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते, शक्यतो पहिल्या मंगळवारी, रात्री आठला. शेवटच्या तासाला साइट रांगते. मेव्हण्याला सांगा, टॅग नसला तरी या. सोबत यायला लायसन्स लागत नाही, आणि दुसरी खेप वाहायला कोणीतरी लागतंच.